हिरव्या गालाचा टीव्ही

मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यांच्या रांगेमागे माझं टीव्ही-पंख्यांचं दुकान आहे. त्याला भिंतीला भिंत लावून 'गहिनीनाथ मोटार वायंडिंग'. पाटीवर नाव गहिनीनाथचं आणि दारात खुर्ची टाकून बसणाराही गहिनीनाथच. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी घेऊन शेतकरी यायचे ते त्यालाच विचारायचे, "मिस्त्री, कवा देता?" गहिनीनाथ मिशीवरून हात फिरवायचा आणि हळूच आत बघायचा. आत त्याची बायको विजयमाला तांब्याची तार गुंडाळत बसलेली असायची. ती दोन बोटं वर करायची. मग गहिनीनाथ मोठ्या रुबाबात सांगायचा, "परवा या."

म्हणजे खरा मिस्त्री कोण हे चौकात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कबूल कुणी करत नव्हतं. मीही नाही. खोटं कशाला बोलू?

गहिनीनाथचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांची एकुलती लेक मोहिनी पाचवीत होती. मोटार भरायची म्हणजे जळालेली तार काढून टाकायची आणि नवी तार शेकडो वेढे मोजून बसवायची. चार वेढे इकडेतिकडे झाले की मोटार पुन्हा जळते. थरथरत्या हाताचं ते काम नव्हे. विजयमाला वहिनी दुपारचा डबा घेऊन यायच्या, त्या आधी नुसत्या वेढे मोजायला बसल्या, मग तार धरायला, आणि वर्षभरात सगळंच त्यांच्या हाती गेलं. मोजताना त्यांचं चित्त असं लागायचं की मी विचारावं, "वहिनी, चहा सांगू का?" आणि आतून उत्तर यावं, "एकशे बेचाळीस."

बोलणं कमी. भांडण तर नाहीच. कुणी म्हणालं की तुमची मोटार आठ दिवसांत गेली, तर त्या मोटार उघडून त्याच्यासमोर ठेवायच्या आणि पाणी कुठून शिरलं ते बोटानं दाखवायच्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "बघितल्याबिगर बोलायचं न्हाई, आन् बघितल्यावर गप बसायचं न्हाई." मी याच्या बरोबर उलटा. मी आधी बोलतो, मग बघतो, आणि बघितल्यावर गप बसतो. दुकानदारीत हे चालतं.

आता सांगतो ती गोष्ट मोहिनीच्या लग्नाच्या वर्षाची. बारा-तेरा वर्षं झाली असतील. तेव्हा भिंतीला टांगायचे पातळ टीव्ही आमच्याकडे नुकते दिसायला लागले होते. घरोघर मागं कुबड असलेला डबा टीव्हीच होता. मोहिनीला कपिलधारच्या अंगाच्या एका वाडीत दिली. वाडीचं नाव सांगत नाही, कारण तिथली रतनबाई अजून ठणठणीत आहे आणि तिचा नातू तिला सगळं वाचून दाखवतो. रतनबाई म्हणजे मोहिनीची सासू. सासरा धोंडीराम, सुपारी कातरत बसणारा शांत माणूस. नवरा हनुमान, शेती बघणारा, गाणी मोठ्यानं ऐकायची हौस असलेला.

रुखवतात ठेवायला वहिनींनी माझ्याच दुकानातून एकवीस इंची टीव्ही घेतला. खोका त्यांच्यासमोर फोडला, कोरा करकरीत टीव्ही होता. मांडवात त्याला हार घातला होता आणि नवरदेवापेक्षा जास्त लोक त्याच्याकडे बघत होते.

लग्नानंतर अडीच महिने गेले. श्रावण तोंडावर आला. पंचमी पाच दिवसांवर आली. लग्नानंतरची पहिली पंचमी म्हणजे लेक माहेरी येणारच, वहिनींनी तिच्यासाठी बांगड्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या. आणि वाडीहून निरोप आला. निरोप आणणारा दूधवाला माझ्या दुकानासमोरच उभा राहून मोठ्यानं बोलला, त्यामुळं चौकानं तो फुकटात ऐकला.

"रतनबाई म्हणत्या, टीव्हीचा एक गाल हिरवा दिसतो आन् दुसऱ्या कोपऱ्याला जांभळा डाग हाय. बीडचे दोन मिस्त्री येऊन गेले. दोघंबी म्हणले, आतली काच कामातून गेली. जळकं भरून नवं म्हणून द्यायची तुमाला सवयच हाय म्हणं. टीव्ही बदलून आणा, मंगच पंचमीला लेक न्या."

गहिनीनाथची मान खाली गेली. जळक्या मोटारी भरून देणं ही त्या घराची भाकरी, आणि नेमकं तेच रतनबाईनं त्यांच्या तोंडावर मारलं होतं. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. टीव्ही माझ्या दुकानातला! मी दूधवाल्याला चार शब्द सुनावले, रतनबाईला सुनावायचे होते तेही त्यालाच सुनावले. तो बिचारा कॅन घेऊन पळाला.

राग उतरल्यावर माझ्यातला दुकानदार जागा झाला. मी म्हणालो, "वहिनी, एक काम करू. दुसरा टीव्ही नेऊन देऊ. कंपनीशी मी बघतो. पोरीची पंचमी कशाला बुडवायची?"

वहिनी तार गुंडाळत होत्या. वेढे संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बदलून दिला म्हंजे आमी जळकं दिलं व्हतं आसं कबूलच केलं की, भावजी. पोरगी जन्मभर त्या घरात ऐकून घेईल. मला आधी बघू द्या."

"आवो, दोन मिस्त्री बघून गेले."

"मी न्हाई बघितला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं काळ्यापिवळ्या जीपनं वाडीला गेलो. वहिनींच्या पिशवीत पक्कड, टेस्टर, पेचकस, फडकं. आमच्याकडे रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, आणि बोलावल्याशिवाय तर पाऊलच टाकायचं नाही. रतनबाई ओट्यावर उभीच होती. शेजारच्या चार बायाही होत्या, त्यात बायनाबाई नावाची एक म्हातारी सगळ्यात पुढं. न बोलावता विहीण आलेली बघून रतनबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

वहिनी चपला काढून म्हणाल्या, "इहीणबाई, मी आज इहीण म्हणून आले न्हाई. मिस्त्री म्हणून आले. टीव्ही कुठं हाय?"

बायांनी पदराआड तोंडं नेली. मी मात्र दचकलो. मिस्त्री हा शब्द वहिनींच्या तोंडून, स्वतःसाठी, मी पहिल्यांदा ऐकला होता.

भिंतीत सिमेंटचा मोठा कप्पा, त्यात टीव्ही. रतनबाईनं तो ऐटीत लावला, जणू आरोपी हजर केला. बातम्या सांगणारी एक बाई होती. तिचा डावा गाल कैरीसारखा हिरवा, उजव्या कोपऱ्यात वांग्याच्या रंगाचा डाग आणि खाली हनुवटीपाशी सगळं गढूळ. खरं सांगतो, मला वाटलं काच खरंच गेली. मोहिनी चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं आईकडे एकदा बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.

वहिनींनी चॅनेल बदलायला लावलं. माणसं बदलली, डाग जागचा हलला नाही. मग त्यांनी डिशच्या छत्रीची वायर उपटली. पडदा नुसता निळा झाला, तरी त्यावर हिरवा डाग तिथंच.

"म्हंजे छत्रीतून काय येत न्हाई," त्या म्हणाल्या. "जे हाय ते हितलंच हाय."

"हितलंच! तेच मी म्हणते, टीव्हीच जळका हाय," रतनबाई बायांकडे वळून म्हणाली.

वहिनींचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या कप्प्यात वाकून बघत होत्या. चुलीच्या धुरानं आणि शेतातल्या मातीनं कप्प्यावर धुळीचा थर होता, पण टीव्हीच्या डाव्या बाजूला वीतभर चौकोन अगदी स्वच्छ. उजव्या बाजूलाही तसाच. खाली टीव्हीच्या पोटाशी एक मोठा चौकोन, पाट ठेवून उचलावा तसा. वहिनींनी डाव्या चौकोनावर बोट ठेवलं, मग हिरव्या गालाकडे बघितलं. उजव्या चौकोनावर बोट ठेवलं, मग जांभळ्या डागाकडे बघितलं.

"हितं काय ठेवलं व्हतं?"

"काय न्हाई. फुलदाण्या."

वहिनी मोहिनीकडे बघतील असं मला वाटलं. मोहिनी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती, म्हणजे तिला माहीत होतं. एक शब्द विचारला असता तर पोरगी बोललीही असती. पण वहिनींनी लेकीकडे मानसुद्धा वळवली नाही. पोरीला त्याच घरात नांदायचं होतं आणि सासूला खोटं पाडल्याचा बोल तिच्यावर आला असता. त्या रतनबाईलाच म्हणाल्या, "डाक्टरपासून दुखणं लपवून कुणाला गुण आलाय का, इहीणबाई?"

कोपऱ्यात सुपारी कातरणारा धोंडीराम तेव्हा पहिल्यांदा बोलला. "आगं दाखीव की आता. दर खेपंला रजईखाली झाकून ठेवायलीस, त्याला का तापबीप आलाय?"

मग उलगडा झाला. हनुमाननं लग्नानंतर हौसेनं होम थिएटर आणलं होतं, स्पीकरचे पाच लहान डबे आणि जमीन हादरवणारा एक मोठा. त्यानं कप्प्यात टीव्हीच्या दोन्ही कानांना दोन डबे खेटून उभे केले, मोठा डबा खाली, आणि उरलेले सगळे वर दाटीवाटीनं. पण बाहेरचं कुणी यायचं म्हटलं, विशेषतः मिस्त्री, की रतनबाई सगळे डबे धान्याच्या खोलीत रजईखाली लपवायची. टीव्ही बदलायला कुणीतरी येईल म्हणून आजही सकाळीच लपवले होते. मोहिनीलाही ताकीद होती की घरातली वस्तू माहेरी सांगायची नाही.

"कावून पण?" मी न राहवून विचारलं.

"कावून म्हंजे? भारी वस्तू दिसली की मिस्त्री भारी सांगतो. आन् गावाची दिष्ट लागती ती येगळीच," रतनबाई फणकारली.

आता हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण आपल्याकडे कोण असं करत नाही? माझ्याच दुकानात लोक जुनं धोतर नेसून येतात आणि घरी तीन मजले असतात. फक्त इथं घोळ असा झाला की दोन्ही मिस्त्र्यांना रोगी दिसला, रोग आणणारा पाहुणा दिसलाच नाही.

डबे बाहेर आले. बायनाबाई म्हणाली, "आगं बया, सिनेमाचंच घर केलं की!" दिष्ट लागायची ती लागलीच. वहिनींनी एक डबा हातात घेतला आणि पेचकस त्याच्या पाठीशी नेला. पेचकस खट्‌कन चिकटला.

"चुंबक हाय आत. लई मोठं." त्यांनी छत्रीची वायर परत लावली, बातम्या आणल्या आणि डबा टीव्हीजवळ नेला तशी बातम्यांची बाई नाकासकट जांभळी झाली, चेहरा ओढणीसारखा वाकडा झाला. डबा मागं घेतला, ती पुन्हा सरळ झाली. बायांनी "आरारारा" केलं. वहिनींनी परत नेला, परत आणला. मी इतकी वर्षं टीव्ही विकत होतो आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ही लाज मी तिथंच गिळली.

पण सगळे डबे अंगणात नेऊन ठेवले तरी गाल हिरवाच राहिला. रतनबाईला जोर चढला. "बघा बायांनो! डबे अंगणात गेले, डाग घरातच. जळका त्यो जळकाच!"

मला तेव्हा कंपनीच्या माणसानं सांगितलेलं आठवलं, की काचेच्या आत बारीक भोकांची लोखंडी जाळी असते. मी ते नुसतं बोलून गेलो. वहिनी झटकन वळल्या.

"लोखंड? आवो भावजी, मंग ते पेचकसागत झालंय. चुंबकाशी लई दिवस ऱ्हाऊन लोखंड सोता चुंबक झालंय. ते उतरवावं लागंल." आणि तेवढ्यात बारा वाजले, भारनियमन सुरू झालं, पंखा थांबला आणि हिरव्या गालाची बाई गडप झाली.

"परवा येते," वहिनी म्हणाल्या.

"परवा न्हाई झालं तर?" रतनबाईनं विचारलं.

"तर म्या जळका दिला व्हता म्हणून हितंच कबूल करीन. चौघींसमोर."

परतीच्या जीपमध्ये मी शेवटी विचारलं, "वहिनी, खात्री हाय का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यांच्या दुकानात एक तारेचं कडं होतं. काम करताना पेचकस चुंबक होतात, मग बारीक स्क्रू त्यांना चिकटून बसतात आणि हात वैतागतो. तेव्हा त्या कड्यात वीज सोडून पेचकस आत घालायच्या आणि हळूहळू लांब ओढून घ्यायच्या. पेचकस पुन्हा साधा व्हायचा. वीज चालू असताना हळू लांब न्यायचं, हीच त्यातली मेख. मध्येच वीज तुटली तर लोखंड होतं त्याहून वाईट चुंबक होऊन बसतं. आता पेचकस टीव्हीएवढा होता, म्हणून कडंही तसंच हवं होतं. त्यांनी घरातली गव्हाची जुनी चाळण आणली, लाकडी कड असलेली. जाळी काढून टाकली आणि कडेवर तार गुंडाळायला बसल्या. गहिनीनाथनं खुर्ची आत ओढली आणि डाव्या हातानं तारेचं रीळ धरून बसला. सकाळपासून दुपारपर्यंत मला फक्त आकडे ऐकू येत होते. सातशेवर त्या थांबल्या, वर कापडी पट्टी गुंडाळली आणि मधे एक मोठा बल्ब जोडला, म्हणजे वीज बेतानं जाईल.

पेचकसावर कडं चाललं. मग त्या माझ्याकडे आल्या. "भावजी, तुमच्या दुकानातला एखादा टीव्ही द्या की तपासायला."

मी नाही म्हणालो. न विकलेला माल आहे, बिघडला तर काय, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या नकाराची मला आजही चीड येते, कारण त्यामुळं पहिला प्रयोग त्यांना विहिणीच्या घरात, सगळ्या वाडीसमोर करावा लागला.

ठरल्या दिवशी वाडीला पोचलो तर अर्धी वाडी ओट्यावर. बायनाबाईनं तर दळण ठेवून जागा धरली होती. आणि वीजच नव्हती! आठला यायची ती साडेअकरापर्यंत आली नाही. बाराला ती जाणार हे सगळ्यांना माहीत. पंखा फिरला तेव्हा घड्याळात पावणेबारा झाले होते.

मी वहिनींना बाजूला घेतलं. "आज नको. कडं जवळ असताना वीज गेली तर कायमचा डाग बसंल. तुमीच सांगितलं ना?"

"उद्या भावाचा उपास, परवा पंचमी," त्या म्हणाल्या. "मंग कवा?" आणि पदर खोचला.

टीव्ही लावला. तीच बाई, तोच हिरवा गाल. मी अंगणात बटणापाशी उभा राहिलो, हातात लांब वायर. वहिनींनी कडं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, "सोडा."

कड्यानं मधमाश्यांसारखा आवाज काढला आणि पडद्यावर रंगपंचमी झाली. बाईचं तोंड निळं, पिवळं, लाल, सगळं गोल गोल फिरायला लागलं. बाया किंचाळल्या. "गेला! टीव्ही गेला!" रतनबाईनं कपाळावर हात मारला. वहिनींनी कडं पडद्यासमोर गोल फिरवलं, एकदा, दोनदा, तीनदा, लेकराची दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्यांची मूठ ओवाळतात अगदी तसं.

बायनाबाई ओरडली, "आगं, दिष्ट काढायली ती! मोहऱ्या आणू का?"

कुणीतरी हसलं. वहिनी हसल्या नाहीत. फिरवत फिरवत त्या एकेक पाऊल मागं यायला लागल्या. ओठ हलत होते, पावलं मोजत होत्या. खोलीच्या मध्यावर आल्या, रंग थोडे मंदावले. उंबऱ्यावर टाच लागली, तरी पाठीमागं न बघता उंबरा ओलांडला. बायांनी दोन्हीकडे सरून वाट केली. ओट्याची पायरी उतरल्या. माझ्या हातातली वायर संपत आली. अंगणाच्या कडेला निंबापाशी येऊन त्या म्हणाल्या, "बंद!"

मी बटण दाबलं आणि त्याच घटकेला घरातला पंखा थांबला. वीज गेली होती.

आधी बटण की आधी वीज? कुणालाच सांगता येईना. मलाही नाही. टीव्ही काळा होऊन बसला होता आणि वीज येणार ती चारला. वाडीतल्या एकानंही जागा सोडली नाही.

वहिनी निंबाखाली बसल्या. कडं मांडीवर, गरम झालेलं. मोहिनी दोनदा दारापर्यंत आली आणि परत गेली. दोनच्या सुमाराला रतनबाई बाहेर आली. घामानं डबडबलेली ही बाई भर दुपारी आपल्या अंगणात उपाशी बसलीय, हे तिला बघवेना झालं असावं. तोंडाळ होती पण घरात आलेल्याला जेवल्याशिवाय ठेवणारी नव्हती. ती जरा अडखळत म्हणाली, "भाकरी केल्यात. इहिणीला वाढता येत न्हाई, ते मला बी कळतं. पण मिस्त्रीला वाढायला कुणाची आडकाठी हाय?"

वहिनींनी वर बघितलं. "काम झाल्याबिगर मिस्त्री जेवत न्हाई, इहीणबाई."

मलाही भूक लागली होती, पण ते कुणी विचारलं नाही.

चारला पंखा कुरकुरला. सगळे आत घुसले. हनुमान शेतातून धावत आला होता, त्यानं टीव्ही लावला. काच आधी काळी, मग हळूहळू उजळली. बातम्यांची एक बाई आली, पिवळ्या साडीतली. तिचे दोन्ही गाल माणसाच्या रंगाचे होते. कोपरे पांढरे स्वच्छ. मागचा निळा पडदा निळा, साडी पिवळी, कुंकू लाल.

मग बायनाबाई म्हणाली, "केवढी देखणी हाय की गं ही! आन् आपण इतके दिवस हिला कावीळ झालीय म्हणत व्हतो."

हशा उसळला. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. मोहिनी चुलीच्या दारातून धावत आली आणि सासू उभी आहे याची पर्वा न करता आईच्या गळ्यात पडली. रतनबाई पडद्याजवळ गेली, पदरानं काच पुसली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. कुठं काही सापडतंय का ते बघत होती. सापडलं नाही.

"आता वाढा," वहिनी म्हणाल्या. "मिस्त्रीला भूक लागलीय."

ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. मीही पंगतीला बसलो. वाढता वाढता रतनबाई खाली बघून म्हणाली, "मी बोलले ते..."

वहिनींनी तिला तिथंच थांबवलं नाही, पूर्ण बोलू दिलं. रतनबाईला ते सगळं चौघींसमोर तोंडानं म्हणावं लागलं, की टीव्ही नवा होता, जळका नव्हता आणि मी बघितल्याशिवाय बोलले. मग वहिनींनी हनुमानला डबे कुठं ठेवायचे ते दाखवलं, टीव्हीपासून दोन-दोन हात लांब, आणि मोठा डबा खोलीच्या कोपऱ्यात. "आन् आता झाकू नका. ज्याला बघायचं त्याला बघू द्या," त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी सगळ्या वाडीनं अंगणात बसून होम थिएटर ऐकलं म्हणे. कपिलधारच्या धबधब्याचा आवाज दबला, असं धोंडीराम पुढं सांगायचा, पण तो थोडा वाढवून सांगतो.

उपासाच्या दिवशी सकाळी मी शटर उघडत होतो तर चौकातून एक टेम्पो आला. पुढं हनुमान आणि त्याच्या शेजारी मोहिनी, नवी साडी, मांडीवर पिशवी. मागं दोरीनं बांधलेली पाच हॉर्सपॉवरची जळालेली मोटार. धोंडीरामच्या विहिरीवरची. महिनाभर ती बीडच्या एका दुकानात भरायला टाकायचं चाललं होतं.

गहिनीनाथ खुर्चीत होता. हनुमाननं खाली उतरून त्याच्या पायाला हात लावला. गहिनीनाथनं सवयीनं मिशीवर हात नेला आणि विचारलं, "कवा पायजे मोटार?"

हनुमान घुटमळला. "मामा, राग नका धरू. आईनं बजावून सांगितलंय, मोटार दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची न्हाई. मोहिनीच्या आईच्याच हातात द्यायची."

चौकातली चार माणसं थांबून बघायला लागली. मला वाटलं, आता गहिनीनाथचं तोंड उतरणार. त्यानं खुर्चीच्या दांडीला धरलं आणि उठून उभा राहिला. थरथरणाऱ्या उजव्या हातानंच आत बोट दाखवलं. इतक्या वर्षांत त्याचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"मिस्त्री! गिऱ्हाईक आलंय!"

आतून उत्तर आलं, "त्र्याण्णव." पण तार तिथंच टाकून वहिनी बाहेर आल्या. मोजणं अर्धवट सोडलेलं मी तेवढं एकदाच बघितलं.